पणजीच्या मळा भागातील जुन्या घराला जोडलेले नवे दालन: एका वास्तुविशारद कार्यालयाच्या कामाचे परीक्षण

वारसा म्हणून संरक्षण लाभलेल्या घराला आजच्या पद्धतीचे नवे बांधकाम जोडून देण्याची सेवा पणजीतील काही वास्तुविशारद कार्यालये देतात. त्यांपैकी एका लहान कार्यालयाने मळा येथील आमच्या वडिलोपार्जित घराच्या पाठीमागे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि निजण्याची एक खोली असे दालन उभारून दिले. त्या दालनाने एकाहून अधिक पावसाळे सोसले असल्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे मला वाटते. गोव्यात कोणत्याही बांधकामाची खरी पारख आषाढ-श्रावणातच होते. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही. कामात काही उणिवा राहिल्या आहेत, त्या मी लिहिणार आहे, आणि चर्चा माणसांविषयी न होता कामाविषयी व्हावी अशी माझी इच्छा आहे. माझे मत मात्र आरंभीच सांगतो: जुने घर आणि नवे दालन यांच्यामधला सांधा या कार्यालयाने ज्या समजुतीने सोडवला, तेवढ्यासाठीही मी हे काम पुन्हा त्यांच्याकडेच दिले असते.

आल्तिनोच्या टेकडीचा पूर्वेकडील पायथा आणि ओरें खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताईन्हास आणि मळा हे भाग वसले आहेत. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, आणि आज या भागातील ज्या गल्ल्या पाहायला लोक येतात त्यांतील पुष्कळशी घरे एकोणिसाव्या शतकातील आहेत. घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, दर्शनी भिंत थेट रस्त्याला लागते आणि परसामागे टेकडी चढू लागते. आमचे घर पूर्वाभिमुख आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर ते शेजारच्या घरांसारखेच दिसते, परंतु आत शिरले की लहानसे राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण), त्यात तुळशीवृंदावन, भोवती वसरी (ओसरी), पलीकडे माजघर आणि देवघर अशी हिंदू घराची मांडणी आहे. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), माती-चुन्यात रचलेल्या आणि सुमारे ६० सेंटिमीटर जाडीच्या आहेत. छपरावर मंगळुरी कौले आहेत. टेकडीतून वर्षाचे कित्येक महिने पाणी पाझरते (फोंत फेनिक्सचा झरा याच टेकडीच्या पायथ्याशी आहे), आणि पावसाळ्यात मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली की खाडीकडे जाणारी गटारे तुंबून मळ्यात पाणी चढते. येथे घर बांधणाऱ्याला किंवा वाढवणाऱ्याला पाण्याचे असे तीन मार्ग सांभाळावे लागतात: वरून येणारे, मागून झिरपणारे आणि समोरून परतणारे.

नवे दालन हवे होते ते राहणाऱ्या माणसांसाठी. जुने स्वयंपाकघर अंधारे होते, शौचकूप परसाच्या टोकाला होते, आणि आईला गुडघ्यांच्या दुखण्यामुळे रात्री पायऱ्या उतरून तेथवर जाणे अशक्य झाले होते. चवथीला (गणेशचतुर्थीला) सर्व चुलत घराणी एकत्र जमतात तेव्हा एका लहान स्वयंपाकघरातून एवढ्या पानांचा स्वयंपाक काढणे काकूंच्या पिढीला कसे जमले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. अशा अडचणींपुढे हात टेकून कित्येक कुटुंबे जुने घर कुलूपबंद करून सदनिकेत राहायला जातात, आणि माणूस राहत नसलेल्या घराची कौले पहिल्याच दोन-तीन पावसाळ्यांत सरकू लागतात. म्हणून ज्यांना वारशाची काळजी आहे त्यांनी नव्या स्वयंपाकघराकडे आणि न्हाणीघराकडे घर बिघडवणारी गोष्ट म्हणून पाहू नये. घरात माणूस टिकण्याची ती अट आहे.

कार्यालयाच्या सेवेचा पहिला टप्पा मोजणीचा होता, आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटला. त्यांनी आरंभी एकही आराखडा दाखवला नाही. प्रत्येक भिंत, तिचा कललेपणा, जोत्याची उंची, वाशांमधील अंतर, दारांच्या चौकटी, लादीचा उतार हे सारे मोजून त्यांनी घराचे नकाशे तयार केले. आमच्याकडे मात्रीझचा (पोर्तुगीजकालीन मालमत्ता-नोंदीचा) कागद आणि शहर मोजणीचा उतारा होता, परंतु घर प्रत्यक्षात कसे आहे हे सांगणारा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या कोणीच काढलेला नव्हता. भर जुलैमध्ये, पाऊस कोसळत असताना, त्यांची माणसे परसात छत्र्या घेऊन उभी राहिली आणि टेकडीवरचे पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या कोपऱ्यातून घराखाली शिरते याच्या खुणा करून गेली. ज्या कार्यालयाला कोरड्या जानेवारीत जागा पाहून मार्चमध्ये आराखडा द्यायचा असतो, त्याला हे पाणी कधीही दिसणार नाही.

या मोजणीत मागच्या भिंतीचा रोग उघड झाला. काही दशकांपूर्वी भिंतीच्या खालच्या भागाला, साधारण कमरेइतक्या उंचीपर्यंत, सिमेंटचा गिलावा केला होता. ओल दिसते म्हणून केलेल्या त्या उपायाने ओल वाढवली होती. चिरा सच्छिद्र असतो; जमिनीतील पाणी तो शोषून वर खेचतो, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडत राहते. सिमेंटचा थर हा मार्ग बंद करतो, मग पाणी त्या थराच्या मागून वर चढते आणि थर संपतो तेथे बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले क्षार तेथे स्फटिक होऊन साठतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुग्यासारखा झडू लागतो. आमच्या भिंतीवर नेमक्या त्या रेषेत पोपडे सुटले होते. कार्यालयाने स्पष्ट सांगितले की आधी हा गिलावा काढून भिंतीला सुकू दिल्याशिवाय तिच्याजवळ नवे काहीही बांधायचे नाही. एक संपूर्ण कोरडा हंगाम त्यात गेला. घरात कुरकूर झाली, पण भिंत सुकत असलेली डोळ्यांना दिसत होती.

नवे दालन कसे दिसावे, यावर आमच्या कुटुंबात मोठी चर्चा झाली. थोरल्या काकांचे म्हणणे असे होते की जुन्या घरासारख्याच कमानी, तशाच खिडक्या आणि तसेच लाकडी नक्षीकाम नव्या भागालाही असावे, म्हणजे घर एकसंध दिसेल. ही भावना समजण्याजोगी आहे आणि गोव्यात ती सर्वत्र आढळते. साच्यात ओतलेले काँक्रीटचे कठडे, वरून चिकटवलेल्या कमानी आणि गेरूचा रंग लावून कालचे बांधकाम शंभर वर्षांपूर्वीचे भासवण्याची रीत गावोगावी पसरली आहे. कार्यालयाने याला ठाम नकार दिला, आणि हा नकार हा त्यांच्या सेवेचाच एक भाग आहे असे मी मानतो. वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ सालच्या व्हेनिस सनदेपासून हे तत्त्व मान्य झालेले आहे की जुन्या वास्तूत जी भर घालावी लागते ती जुन्यापासून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर तिच्या काळाची मुद्रा असावी. त्याच सनदेत असेही म्हटले आहे की वास्तूचे लक्षवेधी भाग, तिचा परिसर, तिच्या रचनेचा तोल यांना बाधा येत असेल तर भर घालूच नये. ही दोन्ही बंधने एकत्र वाचली पाहिजेत. केवळ पहिले वाचणारे वास्तुविशारद जुन्या घराच्या उरावर काचेचा डबा बसवतात, आणि केवळ दुसरे वाचणारे नकली जुनेपणात अडकतात.

काकांना पटले ते तत्त्वाने नव्हे, तर नकाशाने. खऱ्या जुन्या खिडकीची चौकट हाताने रंधलेली आहे, तिच्या दोन बाजू अगदी सारख्या नाहीत, आणि यंत्रावर कापलेली नक्कल तिच्याशेजारी ठेवली तर बिघडते ती जुनीच खिडकी, हे कार्यालयाने दोन्हींची रेखाटने शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आधुनिक वास्तू गोव्याच्या मातीत परकी वाटते असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी पणजीतील कांपालच्या कला अकादमीचे उदाहरण देतो. चार्ल्स कोरिया यांच्या त्या इमारतीत पोर्तुगीज कमान नाही की देवळाची दीपमाळ नाही, तरीही तिची सावली, तिच्यातून वाहणारा वारा आणि मांडवीकडे उघडणारी तिची जागा पूर्णपणे गोव्याची आहे.

परवानगीच्या कामाविषयी थोडक्यात लिहितो. संवर्धन क्षेत्रातील घराला भर घालायची तर महापालिकेच्या बांधकाम परवान्याआधी नगर नियोजनाच्या कायद्याखालील मंजुरी लागते आणि प्रस्ताव संवर्धन समितीच्या नजरेखालून जातो; जुन्या घरांना सहमालक पुष्कळ असतात, तेव्हा त्या सर्वांची संमतीही लागते. संमतीपत्रे गोळा करणे हे कुटुंबाचेच काम होते आणि ते आम्ही केले. बाकी सर्व कागदपत्रे कार्यालयाने नीट बांधून दिली. पहिल्या आराखड्यातील छपराची उंची टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्यांवरून दिसली असती, म्हणून ती कमी करण्याची सूचना आली. कार्यालयाने वाद न घालता जुन्या घराच्या मागील वळचणीच्या खाली नवे छप्पर आणले, आणि त्यामुळे दालन अधिक चांगले झाले असे माझे प्रामाणिक मत आहे. आज रस्त्यावरून किंवा पायऱ्यांवरून जाणाऱ्याला आमच्या घरात काही बदलले आहे हे कळतही नाही.

आता सांध्याकडे येतो, कारण अशा कामात यश आणि अपयश तेथेच ठरते.

जुने घर आपल्या पायावर शंभराहून अधिक वर्षे बसलेले आहे. त्याचे बसणे संपलेले आहे. नवे बांधकाम पहिली काही वर्षे थोडे थोडे खचत राहते. या दोहोंना एकमेकांत घट्ट बांधले तर नवे खचताना जुन्याला ओढते आणि भिंतीला तडे जातात. गावागावांत जुन्या घराच्या मागे स्लॅबची खोली जोडलेली असते, आणि जोडाच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत गेलेली तिरपी चीर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिचे कारण बहुधा हेच असते. आमच्या दालनाचा भार जुन्या घरावर तसूभरही नाही. नवे दालन जस्तलेपित पोलादी खांबांवर उभे आहे, त्याच्या पायाचे खड्डे जुन्या जोत्यापासून अंतर राखून, एका वेळी एकच असे खणले गेले, आणि हे सर्व काम जूनच्या आत उरकले. जुने घर आणि नवे दालन यांच्यामध्ये काचेच्या भिंतींचा एक अरुंद, ठेंगणा रस्ता आहे. या रस्त्याच्या छपराची कडा जुन्या भिंतीला लागत नाही; मधल्या फटीवर लवचीक पट्टी आहे, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून तिच्यावर बसवलेला पत्रा जुन्या भिंतीच्या दरजेत खोचलेला आहे. दरजेत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. खाच चिऱ्यात न मारता दोन चिऱ्यांमधल्या चुन्यात मारली आहे, आणि उद्या कोणाला हे दालन काढून टाकायचे झाले तर पत्रा उपसून दरज पुन्हा चुन्याने भरली की भिंत होती तशी होईल.

जुन्या भिंतीला एकही नवे भगदाड पाडलेले नाही. आत-बाहेर जाण्यासाठी परसाचे जुने दारच वापरले आहे. त्याची चौकट, त्याचा अडणा, त्याचा उंबरठा सारे जागेवर आहे. नव्या दालनाची जमीन जुन्या जोत्याच्या पातळीला आणल्यामुळे पायरी उरली नाही, फक्त उंबरठा उरला. आईला तोही अडखळू नये म्हणून दोन्ही बाजूंना उचलून ठेवता येतील अशा लाकडी उतरत्या फळ्या दिल्या आहेत. एवढ्याशा वस्तूत केवढा विचार आहे हे मला रोज जाणवते, कारण सोपा मार्ग उंबरठा छाटून टाकण्याचा होता आणि कंत्राटदाराच्या माणसांनी तो सुचवलाही होता.

आणि या सांध्यातले सर्वांत अवघड काम पन्हळीचे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुन्या छपराचा मागचा उतार सुमारे ६० चौरस मीटरचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर एका तासात ३००० लिटर पाणी त्या वळचणीवरून खाली येते, आणि आता ते अंगणात न पडता काचेच्या रस्त्याच्या छपरावर पडते. कार्यालयाने येथे दोन निर्णय घेतले. नव्या दालनाच्या छपराचा उतार त्यांनी टेकडीकडे दिला, म्हणजे दोन छपरांचे पाणी एकाच पन्हळीत एकत्र येऊ नये. आणि जुन्या वळचणीखालची पन्हळ नेहमीच्या अर्धगोल नळीची न करता ४५ सेंटिमीटर रुंदीची, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची, दोन टोकांना दोन उतरत्या नळ्या असलेली केली. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टीलवरही डाग पडतात म्हणून त्यांनी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील वापरले, आणि छपराचे खिळे-बोल्टही त्याच प्रतीचे घेतले. याशिवाय पन्हळीच्या बाहेरच्या कडेला, काठापेक्षा थोडे खाली, एक उघडे तोंड ठेवले आहे. आंब्याची पाने अडकून नळ्या तुंबल्या तर पाणी या तोंडातून धारेने बाहेर पडते आणि ते स्वयंपाकघरातून दिसते. पाणी घरात शिरण्याआधी घरातल्या माणसाला कळावे, ही त्यामागची योजना आहे. गेल्या आषाढात ती धार एकदा सुरू झाली; नळीचे तोंड मोकळे केल्यावर थांबली; आत थेंबही आला नाही.

टेकडीच्या बाजूची धारक भिंत चिऱ्याची आहे, तिच्यामागे खडीचा थर आणि तिच्यातून पाणी निघण्याची भोके आहेत. झिरपलेले पाणी तिच्या पायथ्याच्या उघड्या चरातून घराला वळसा घालून जाते, आणि या चराचे रस्त्याच्या गटारातले तोंड भरतीच्या वेळी साचणाऱ्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर ठेवले आहे. हे बांधकाम कोणाच्याही नजरेत भरत नाही. माझ्या दृष्टीने मात्र आम्ही दिलेल्या शुल्कातला मोठा वाटा याच चरासाठी सार्थकी लागला.

जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कार्यालयानेच शोधून आणले, आणि ही सेवा आज पैशांतही सहज मिळत नाही. सिमेंटवर हात बसलेल्या गवंड्याला चुन्याचा संथपणा सोसत नाही. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो, थर पातळ द्यावे लागतात आणि दोन थरांमध्ये दिवसच्या दिवस थांबावे लागते. आमच्याकडे आलेले थोरले गवंडी चुना आधी भिजवून मुरवत ठेवत, वाळू चाळून घेत, आणि गिलाव्याच्या पाण्यात गूळ व हिरडा वापरत. त्यांच्या हाताखाली कार्यालयातील दोन तरुण मुलींनी स्वतः थापी धरून काम शिकून घेतले. कागदावर रेषा काढणाऱ्यांनी असा हात चुन्यात घातलेला पाहून मला फार समाधान वाटले. सुतारकामाबद्दल तेवढे चांगले म्हणता येणार नाही. जुन्या छपराचे वाळवी लागलेले वासे बदलताना नवे लाकूड पुरेसे सुकलेले नव्हते, आणि दोन वासे पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटले. कार्यालयाने ते सुताराकडून विनामूल्य बदलून घेतले. तरीही लाकडाची पारख करणारे कोणी त्यांच्याकडे नाही, ही उणीव उरतेच.

राहायला दालन कसे आहे? स्वयंपाकघर उत्तम आहे. उत्तरेकडून दिवसभर सौम्य उजेड येतो, धूर वरच्या झरोक्यांतून निघून जातो, आणि काचेच्या रस्त्यातून पाहिले की जुन्या घराची संपूर्ण मागची भिंत, चुन्याच्या पांढऱ्या रंगात, पहिल्यांदाच कोणीतरी पाहावी अशी समोर उभी असते. पूर्वी ती लाकूडफाटा आणि जुन्या घागरींच्या आड दडलेली होती. चवथीच्या दिवसांत नव्या स्वयंपाकघरातून नैवेद्याची पाने देवघराकडे नेताना दोन माणसे समोरासमोर आली तरी धक्का लागत नाही इतकी रस्त्याची रुंदी आहे. ती कार्यालयाने आमच्या काकूंना विचारून ठरवली होती. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधण्याची जागा, तिची लाकडी चौकट आणि वरच्या तुळईतल्या कड्या यांना हातही लावलेला नाही.

काचेबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. आपण १५ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहोत. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत, माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे रस्त्याच्या दक्षिणेकडील काचेवर तेव्हा ऊन येत नाही. पण पावसाळा सरल्यावर सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो रस्ता दुपारभर तापतो. डिसेंबरात तर माध्यान्हीचे ऊन थेट जुन्या दारापर्यंत पोहोचते. पाण्याचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या कार्यालयाने उन्हाचा विचार केवळ उन्हाळ्यापुरता केला, असे म्हणावे लागते. दक्षिणेच्या काचेवर बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप आरंभीच दिली असती तर हा दोष राहिला नसता. आम्ही सध्या वेताचे पडदे लावून भागवतो. ते आतल्या बाजूला असल्यामुळे ऊन काचेतून आत येऊन मगच अडते, म्हणून उपयोग अर्धाच होतो. नव्या छपराच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि लाकडी तक्तपोशी असूनही मोठ्या सरीत आवाज बराच होतो. कौलांखाली वाढलेल्या माणसाला तो सवयीचा व्हायला वेळ लागतो. शिवाय पन्हळ साफ करायला शिडी लावण्याची सोयीची जागा नाही. वर्षातून अनेक वेळा जी गोष्ट साफ करावीच लागणार, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नकाशातच असायला हवा होता.

खर्चाबद्दल प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. असे दालन साध्या स्लॅबच्या खोलीपेक्षा पुष्कळ महाग पडते; मोजणी, सुकण्याचा काळ, चुना, चांगले पोलाद या प्रत्येकाची किंमत आहे. ती मला गैरवाजवी वाटत नाही. परंतु अंदाजपत्रकात चुन्याच्या कामाची रक्कम उघडच कमी धरली होती आणि ती काम सुरू झाल्यावर वाढली, हे योग्य झाले नाही. सिमेंटचा गिलावा काढल्यावर आत काय निघेल हे आधी सांगता येत नाही हे खरे, पण मग तसे लिहून एक राखीव रक्कम वेगळी दाखवता येते. कार्यालयाचे शुल्क बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीत आहे. या पद्धतीत खर्च वाढला की शुल्कही वाढते, आणि जुन्या घराच्या कामात खर्च वाढणे जवळजवळ ठरलेलेच असते. त्यामुळे मोजणी व तपासणी यांचे शुल्क ठराविक रकमेत वेगळे घ्यावे असे मी त्यांना सुचवले आहे आणि पुढील कामांत तसे करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मुदतही पाळली गेली नाही. उशिराचे एक कारण भिंत सुकण्याचे होते, ते मला मान्य आहे. दुसरे कारण एकाच सुताराला एका वेळी अनेक कामांवर गुंतवण्याचे होते, ते मान्य नाही.

ज्यांच्या घराला अशी सेवा हवी आहे त्यांनी कोणत्याही कार्यालयाला भेटताना त्यांच्या पूर्ण झालेल्या कामांची छायाचित्रे पाहून समाधान मानू नये. निदान तीन पावसाळे झालेले एखादे काम प्रत्यक्ष दाखवायला सांगावे, आणि तेथे गेल्यावर दिवाणखान्याआधी जुने आणि नवे जेथे मिळते तो कोपरा पाहावा. आमचा कोपरा पाहायचा असेल त्या ओळखीच्या लोकांना आम्ही दाखवतो. कार्यालयाने काम सोपवताना नकाशांचा संपूर्ण संच, कोणत्या भिंतीला कोणता चुना कोणत्या प्रमाणात लावला याची नोंद आणि मे महिन्यात करायच्या तपासणीची यादी दिली आहे. पहिली काही वर्षे ही तपासणी तेच येऊन करतात आणि तिचे शुल्क मूळ करारात धरलेले आहे. यंदा मेमध्ये आले तेव्हा त्यांनी सांध्यावरच्या पट्टीची फट मोजली, नव्या दालनाचे खचणे जवळजवळ थांबले असल्याची नोंद केली आणि पन्हळीसाठी कायमची शिडी व दक्षिणेच्या काचेसाठी बाहेरची झडप यांची रेखाटने ठेवून गेले; झडपेचे काम दिवाळीआधी करून घ्यायचे असे आमच्या घरी ठरले आहे.